बाई की बुवा? : युनिया या नावाची गोष्ट

माझी आत्या बायबल वुमन होती. हा शब्द सगळ्याच वाचकांना ठाऊक असेल असे नाही, म्हणून थोडे सांगतो. मिशनच्या काळापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांना बायबल वाचून दाखवायचे, त्यांना अक्षरओळख करून द्यायची, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, अशी कामे करणाऱ्या स्त्रियांना हे नाव होते. बोलताना लोक ‘बायबलबाई’ म्हणत. पगार नावापुरता, पायपीट भरपूर. आत्याने ती नेवासे तालुक्यातल्या गावांतून तीसेक वर्षे केली. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या परिसरात आपण वचन सांगत फिरतो याचा तिला एक वेगळाच अभिमान होता.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका रविवारी पाळकसाहेब आजारी पडले आणि उपासनेला येऊ शकले नाहीत. मंडळीतल्या बायकांनी सुचवले की आज बाईंनीच उपदेश करावा. आत्या उठलीही. तेवढ्यात पंचांपैकी एकजण उभे राहिले आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौदाव्या अध्यायातला तो प्रसिद्ध भाग त्यांनी मोठ्याने वाचला, बायकांनी मंडळीत बोलू नये असे सांगणारा. आत्या खाली बसली. कोणी आरडाओरड केली नाही, कोणी उठून गेले नाही. दोन गीते झाली, प्रार्थना झाली, आणि आम्ही घरी आलो.

रात्री तिने मला रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचायला बसवले. तो म्हणजे नुसती नावांची यादी; पौलाने कोणाकोणाला सलाम सांगितला त्याची. मला कंटाळा आला. ती मात्र प्रत्येक नावावर थांबत होती. “ही बाई. ही पण बाई. ही बघ, हिने किती कष्ट केले म्हणतोय.” सातव्या वचनात अंद्रोनीक आणि युनिया अशी दोन नावे आली, आणि ती दोघे प्रेषितांमध्ये नामांकित आहेत असा मजकूर आला. तिथे ती बराच वेळ थांबली. “युनिया बाईच ना रे? नाव तर बाईचं वाटतंय.”

पुढच्या आठवड्यात तिने ते पाळकसाहेबांना विचारले. ते भले गृहस्थ होते, शिकलेले होते. त्यांनी सांगितले की पंडितांच्या मते तो पुरुष आहे, नाव मुळात युनियास असे आहे. आत्याने ‘बरं’ म्हटले. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

पाळकसाहेब खोटे बोलत नव्हते, हे मला पंचवीस वर्षांनी कळले. त्या वर्षी जगातल्या कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी ग्रीक नवा करार उघडला असता, तरी बहुधा हेच उत्तर मिळाले असते. हजार वर्षांपूर्वी विचारले असते तर मात्र वेगळे मिळाले असते. आणि आज विचारले तर पुन्हा वेगळे.

माझा या विषयाशी संबंध आला तो धर्मशिक्षणातून नव्हे, छापखान्यातून. कॉलेज अर्धवट सोडून मी नगरच्या एका प्रेसमध्ये मुद्रितशोधक झालो. मुद्रितशोधकाला एका टिंबाची किंमत कळते. १९६२ मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ‘नाव’ म्हणजे होडी आणि ‘नांव’ म्हणजे नाम, हे डोळ्यांना दिसत असे. आता पुढचे क्रियापद पाहावे लागते. नाव बुडाली की होडी गेली. नाव बुडाले की अब्रू गेली. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या तपासताना ही टिंबे काढत बसणे हेच माझे काम होते. त्याच काळात आत्या गेली, तिचे बायबल माझ्याकडे आले, आणि मी रात्री एका जुन्या व्याकरणाच्या आधारे ग्रीक शिकायला लागलो. गुरू नव्हता. चुका भरपूर केल्या. पण रोमकरांस पत्राच्या त्या वचनापर्यंत पोहोचलो तेव्हा लक्षात आले की इथेही भांडण एका टिंबाएवढ्या खुणेचेच आहे.

पौलाने हे पत्र इसवी सन ५७च्या सुमारास करिंथहून पाठवले. लिहून घेणारा तेर्तियस. त्याने मध्येच स्वतःचाही सलाम घालून ठेवला आहे, जसे आपल्याकडे पत्र लिहून देणारा शेवटी आपला नमस्कार जोडी. पत्र घेऊन जाणारी बहुधा फिबी नावाची बाई. पौल रोमला तोवर गेलेला नव्हता, पण तिथल्या पुष्कळ माणसांना ओळखत होता. फिबी धरून या यादीत दहा स्त्रिया येतात. त्यांतल्या चौघींबद्दल, म्हणजे मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांच्याबद्दल, त्याने ‘कष्ट केले’ असा जो शब्द वापरला तोच तो स्वतःच्या प्रेषितकार्याबद्दल इतरत्र वापरतो. आत्याचे बोट बरोबर जागी पडले होते.

सातव्या वचनात दोन माणसांबद्दल चार गोष्टी सांगितल्या आहेत : ती पौलाच्या जातीची म्हणजे यहुदी आहेत, त्याच्याबरोबर तुरुंगात होती, प्रेषितांमध्ये नामांकित आहेत, आणि पौलाच्या आधीपासून ख्रिस्ती आहेत. अंद्रोनीक पुरुष, यात वाद नाही. दुसरे नाव द्वितीया विभक्तीत येते : ‘युनियान’. आता अडचण अशी की युनिया ही स्त्री असेल तरी तिची द्वितीया ‘युनियान’, आणि युनियास हा पुरुष असेल तरी त्याचीही द्वितीया ‘युनियान’. अक्षरे तीच. फरक स्वराघाताच्या चिन्हात. मधल्या ‘नि’वर तिरपी रेघ असेल तर बाई, शेवटच्या ‘आ’वर वेलांटीसारखी वाकडी खूण असेल तर बुवा. आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत स्वराघाताची चिन्हे लिहीतच नसत. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन प्रतीत ती आहेत, पण कित्येक शतकांनंतर कोणीतरी घातलेली. मूळ लेखकाने नुसती अक्षरे ओळीने मांडली होती, शब्दांमध्ये मोकळी जागाही न सोडता.

मराठीत याची बरोबर जोडी सापडते. ‘किरणला नमस्कार सांगा’ असे पत्र आले तर ओळख नसलेल्या माणसाला किरण मुलगा की मुलगी हे कळणार नाही. पुढे ‘ती फार हुशार आहे’ असे आले की उलगडा होतो. ग्रीकमध्ये पुढचे सर्वनामही मदत करत नाही, कारण पुरुष आणि स्त्री अशी जोडी असली तरी ग्रीक भाषा पुल्लिंगी अनेकवचनच वापरते. इथे मराठीची गंमत पाहा. आपल्याकडे दोन पुरुष असतील तर ‘ते दोघे’, दोन स्त्रिया असतील तर ‘त्या दोघी’, आणि एक पुरुष एक स्त्री असेल तर ‘ती दोघे’, नपुंसकलिंगी. म्हणजे पौलाला जे झाकून ठेवता आले ते मराठी अनुवादकाला झाकता येत नाही. त्याला ‘ते’ किंवा ‘ती’ यांतले एक निवडावेच लागते. आदरार्थी अनेकवचनाच्या आडोशाने ‘ते’ लिहून निसटता येते, हे खरे. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मग दोन पुरुष उभे राहतात.

जुन्या वाचकांनी काय केले? त्यांना खूण लागतच नव्हती. युनिया हे रोममध्ये रोजच्या वापरातले नाव होते. युलियस घराण्यातली मुलगी युलिया, तशी युनियस घराण्यातली युनिया. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची सावत्र बहीण आणि कॅसियसची बायको हीही युनियाच. ती इसवी सन २२ मध्ये वारली आणि टॅसिटसने तिच्या अंत्ययात्रेचे वर्णन केले आहे. त्या घराण्याच्या गुलाम आणि मुक्त झालेल्या बायकांनाही हेच नाव मिळे. पौलाची युनिया अशाच कोणा साध्या घरातली असावी, असे मला वाटते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात उपदेश करणारा योहान ख्रिसोस्तोम या वचनावर बोलताना सरळ सांगतो की प्रेषित असणे हीच मोठी गोष्ट, त्यात नामांकित असणे तर त्याहून मोठी, आणि प्रेषित हे नाव मिळण्याइतके या बाईचे शहाणपण थोर होते. ख्रिसोस्तोम स्त्रियांचा कैवारी नव्हता. इतर ठिकाणी तो त्यांच्याबद्दल कडक बोलतो. म्हणूनच त्याची साक्ष वजनदार. ग्रीक ही त्याची मातृभाषा होती, आणि नाव ऐकल्यावर त्याला शंकासुद्धा आली नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही १७ मे रोजी अंद्रोनीक आणि युनिया यांचे स्मरण करतात. नवव्या शतकानंतर ग्रीक हस्तलिखिते लहान लिपीत आणि स्वराघातांसह लिहिली जाऊ लागली, तेव्हा लेखनिकांनी खूण घातली ती बाईची. एक अपवाद मिळतो : एपिफानियसच्या नावावर खपणाऱ्या शिष्यांच्या यादीत युनियास हा अपामेयाचा बिशप झाला असे म्हटले आहे. पण त्याच यादीने प्रिस्कालाही पुरुष करून बिशप नेमले आहे. अक्विलाची बायको प्रिस्का! त्या यादीकाराच्या हाती कोणतीच बाई सुरक्षित नव्हती.

बदल पश्चिमेकडे सुरू झाला. तेराव्या-चौदाव्या शतकातला रोमचा जाईल्स हा भाष्यकार या दोघांना ‘नामांकित पुरुष’ म्हणतो. १५२२ मध्ये मार्टिन लूथरचा जर्मन नवा करार निघाला, त्यात या नावाआधी पुल्लिंगी उपपद आले. ज्या माणसाने सामान्य जर्मन कुटुंबांच्या हाती बायबल दिले त्याच माणसाने त्यातली एक बाई पुसली, आणि दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात झाल्या. मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. प्रेषित म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर बाई आलीच नसणार.

इंग्रजीत उलटा क्रम दिसतो. १६११च्या किंग जेम्स आवृत्तीत ‘युनिया’ आहे. १८८१ मध्ये, जास्त जुनी हस्तलिखिते पाहून, जास्त काळजीने सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि तिच्यात ‘युनियास’ झाले. १९४६च्या आवृत्तीने तर ‘ती नामांकित पुरुष आहेत’ अशा अर्थाची भरच घातली. मूळ ग्रीकमध्ये ‘पुरुष’ हा शब्द तिथे नाही. ज्ञान वाढत गेले तसे हे नाव अधिक चुकत गेले.

का? विद्वानांनी एक युक्तिवाद केला होता. ग्रीक लोक लांब नावांची लाडकी रूपे करत. आपण दत्तात्रेयाचा दत्तू करतो तशी. सिल्वानचा सिला, एपफ्रदीतचा एपफ्रास. मग युनियानुस या लॅटिन नावाचा युनियास झाला असेल. तर्क म्हणून यात काही गैर नाही. गैर एवढेच की असे नाव धारण करणारा एकही माणूस प्राचीन काळात कोणाला सापडलेला नाही. शिलालेखात नाही, पपायरसवर नाही, कोणत्या ग्रंथात नाही. याउलट पीटर लाम्पे या जर्मन संशोधकाने रोम शहरातल्या लेखांत युनिया हे स्त्रीनाम अडीचशेहून जास्त वेळा मोजले आहे. अडीचशे विरुद्ध शून्य. मुद्रितशोधकाला एवढा पुरावा मिळाला तर तो लेखकाला विचारायलाही जात नाही, सरळ दुरुस्ती करतो.

पण छापील ग्रीक नव्या करारात दुरुस्ती झाली ती उलट्या बाजूने. जर्मनीतल्या स्टुटगार्टहून १८९८ मध्ये एबरहार्ड नेस्ले यांनी काढलेली आवृत्ती जगभरच्या अभ्यासकांची पोथी झाली. तिच्यात सुरुवातीला बाईची खूण होती. १९२७ मध्ये त्यांचे चिरंजीव एर्विन नेस्ले यांनी तेरावी आवृत्ती काढली आणि ती खूण बदलून बुवाची केली. हस्तलिखितांत नवे काही सापडले म्हणून नव्हे. १९६६ मध्ये बायबल सोसायट्यांनी अनुवादकांसाठी म्हणून काढलेल्या ग्रीक आवृत्तीतही तीच खूण राहिली. जगातल्या नाना भाषांतले अनुवाद आणि भाष्ये या पुस्तकांवर आधारलेली. स्टुटगार्टच्या छापखान्यात एक खिळा बदलला, आणि पन्नास वर्षांनी नेवासे तालुक्यातल्या एका बायबलबाईला उत्तर मिळाले : पंडितांच्या मते तो पुरुष आहे.

जवळजवळ त्याच सुमारास हवा पालटत होती, हे आत्याला कळायचा मार्ग नव्हता. १९७६ मध्ये स्त्रियांना याजकपद देता येणार नाही असे निवेदन व्हॅटिकनने काढले. त्याला उत्तर म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या लेखसंग्रहात बर्नाडेट ब्रूटन यांचा युनियावर एक छोटा लेख होता. त्यांनी फार काही नवे उकरले नाही. जुन्या भाष्यकारांना एका रांगेत उभे केले आणि विचारले, युनियास नावाचा माणूस दाखवा. कोणालाच दाखवता आला नाही. पुढे एल्डन एप यांनी छापील आवृत्त्यांचा सगळा हिशेब मांडणारे पुस्तक २००५ मध्ये लिहिले. १९९४ मध्ये निघालेली, ग्रीक आवृत्तीच्या संपादक समितीची टिपणे मी वाचली तेव्हा हातातली पेन्सिल खाली ठेवली. समितीतल्या काही सदस्यांनी हे नाव पुरुषाचे मानले, कारण प्रेषित म्हटल्या जाणाऱ्यांत एखादी स्त्री असेल हे त्यांना संभवनीय वाटले नाही, असे तिथे मोकळेपणाने नोंदवले आहे. प्रामाणिक माणसे. पण यालाच आपण पुरावा म्हणत होतो! १९९८च्या मुद्रणात खूण पुन्हा बाईची झाली.

गोष्ट इथे संपत नाही, आणि दुसरी बाजू सांगायला हवी. २००१ मध्ये बरर आणि वॉलेस या दोन अभ्यासकांनी एका मान्यवर नियतकालिकात मांडले की युनिया स्त्री आहे हे ठीक, पण मूळ शब्दप्रयोगाचा अर्थ ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ असा नसून ‘प्रेषितांना चांगली माहीत असलेली’ असा आहे. मराठीत सांगायचे तर ‘गावात नावाजलेला पैलवान’ आणि ‘पैलवानांत नावाजलेला’ यांत जो फरक तसा. पहिल्यात गाव त्याला ओळखते. दुसऱ्यात तो स्वतः पैलवान आहे. हा अर्थ त्याआधीही काहींनी सुचवला होता, आणि त्यांनी प्राचीन ग्रीकमधले दाखले गोळा केले. त्या दाखल्यांवर एप, रिचर्ड बॉकहम, लिंडा बेलव्हिल यांनी हरकती घेतल्या आणि दुसऱ्या बाजूचे दाखले दिले. मला ख्रिसोस्तोमचे कान जास्त भरवशाचे वाटतात. त्याला तो शब्दप्रयोग ‘प्रेषितांपैकी’ असाच ऐकू आला. शिवाय पौल ‘प्रेषित’ हा शब्द बारा शिष्यांपुरता वापरत नाही. स्वतः तो त्या बारांत नव्हताच. तरीही हा वाद खरा आहे, आणि तो व्याकरणाच्या मैदानात चालू आहे, हे चांगले आहे. फक्त एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. युनियास पुरुष होता तोवर त्याच्या प्रेषितपणाबद्दल फारशी कुणाची झोप उडाली नव्हती.

ख्रिस्ती परंपरेत शास्त्राचा अर्थ हळूहळू उलगडतो ही कल्पना नवी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना म्हणतो की अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण आत्ता ते तुम्हाला पेलणार नाही. पाचव्या शतकात लेरँ बेटावरच्या विन्सेंट नावाच्या साधूने लिहिले की समज वाढते ती बालकाचे शरीर वाढते तशी : अवयव तेच, आकार मोठा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी म्हटले की वाचणाऱ्याबरोबर शास्त्रही वाढते. १८४५ मध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी या वाढीवर सबंध ग्रंथ लिहिला, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती गोष्ट आपल्या दस्तऐवजात घेतली. ही सगळी मोठी माणसे आहेत. पण युनियाच्या बाबतीत त्यांची उपमा मला अपुरी वाटते. बालकाचे शरीर पुढेच जाते. त्याचा हात गळून पडत नाही आणि सातशे वर्षांनी परत उगवत नाही. चौथ्या शतकाला जे कळत होते ते सोळाव्याला कळेना, आणि एकोणिसाव्याला तर अभ्यास करूनही कळेना.

मला दुसरी उपमा जवळची वाटते, आणि ती उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. त्याचा मुलगा इसहाक याने त्या पुन्हा उपसल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीचा झरा असतोच; गाळ बसतो. गाळ काही दुष्ट माणसेच टाकतात असे नाही, पावसाच्या पाण्याबरोबरही तो येतो. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तीही याच जातीची होती. त्यांनी ज्ञानेश्वरांच्या ओव्यांत स्वतःची भर घातली नाही. मधल्या तीनशे वर्षांत लोकांनी घातलेली काढली.

उपसणारा कोण, यालाही महत्त्व असते. युनियाच्या बाबतीत प्रश्न विचारला तो एका बाईने. अडीचशे शिलालेख आधीही भिंतींवर होतेच. ते मोजावेसे वाटणे ही गोष्ट नवी होती.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे साहजिक आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर परीक्षा देऊन ‘पंडिता’ ही पदवी मिळवली होती, भरसभेत पुरुषांपुढे पुराण सांगितले होते, तिला ही हरकत किती विचित्र वाटली असेल! शास्त्र काय म्हणते हे दुसऱ्याकडून ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांची त्या काळची पत्रे वाचली की हे जाणवते. पुढे दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद एकटीने केला. खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बाईला वाचता यावे हा त्यांचा हेतू होता. संस्कृतप्रचुर मराठी त्यांनी जाणून टाळली, आणि ती त्यांना येत नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवले, पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली ग्रंथाची पाने जुळवत आहेत, हे चित्र माझ्यातल्या छापखानेवाल्याला फार मोठे वाटते. खिळा हाती असणाऱ्याच्या हाती काय असते, हे आपण स्टुटगार्टच्या बाबतीत पाहिलेच.

राहिला तो करिंथकरांस पत्राचा चौदावा अध्याय, ज्याने आत्याला खाली बसवले. त्यावर स्वतंत्र लेख लागेल, म्हणून दोनच गोष्टी. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोके झाकावे असे सांगितले आहे. म्हणजे त्या मंडळीत बोलत होत्या. पदराचा प्रश्न होता, तोंडाचा नव्हता. आणि गप्प राहण्याचा जो भाग आहे, ती दोन वचने पश्चिमेकडच्या काही हस्तलिखितांत त्या जागी नाहीत, अध्यायाच्या अगदी शेवटी आहेत. अशी जागा बदलणारी वाक्ये दिसली की मुद्रितशोधकाला संशय येतो : हा मजकूर कोणीतरी समासात लिहिलेला तर नव्हता? काही नामवंत अभ्यासकांनाही तोच संशय आला आहे. सगळ्यांना पटलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका घरी प्रार्थनासभेत मला हे सांगायची वेळ आली. पंधरा-वीस माणसे, बहुतेक बायका; चहा व्हायचा होता. मी आत्याचेच बायबल नेले होते. सोळाव्या अध्यायातल्या स्त्रियांच्या नावांखाली तिने पेन्सिलने रेघा ओढलेल्या आहेत. फिबी, प्रिस्का, मरिया, पर्सिस. युनियाखाली रेघ आहे, पण खोडलेली. पाळकसाहेबांच्या उत्तरानंतर तिने रबराने पुसली असावी. कागदावर दाब उरला आहे, बोट फिरवले की लागतो. मी ग्रीकबद्दल फार बोललो नाही, किरणचे उदाहरण दिले, ‘ते दोघे’ आणि ‘ती दोघे’ सांगितले. सगळ्यांना लगेच कळले.

शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, “मग अंद्रोनीक हा तिचा नवरा काय?”

पुष्कळ भाष्यकार तसे समजतात, मी सांगितले, पण पौलाने तसे लिहिलेले नाही.

“लिहिलेलं नाही ना,” त्या म्हणाल्या. “मग भाऊ असेल. नाहीतर नुसता बरोबर तुरुंगात असेल.” आणि चहाचे कप घ्यायला उठल्या.